गाओकाओचा ‘डी’ उतारा आणि डोळ्यांचे थांबे

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ अधूनमधून उगवतो. वर्गात मुलं बसली आहेत, प्रत्येकाच्या हातात पुस्तक, आणि पानं पत्त्यांच्या कॅटसारखी फरफर सुटतायत. खाली मजकूर: ‘चिनी मुलं पाच मिनिटांत अख्खं पुस्तक वाचतात. आपली काय करतात?’ यंदा मामेबहिणीने खाली विचारलं, असा क्लास पुण्यात कुठे आहे का?

तो व्हिडिओ ऑक्टोबर २०१९ मधला आहे आणि त्याची सगळ्यात जास्त टिंगल खुद्द चीनमध्येच झाली. ‘क्वांटम तरंग शीघ्रवाचन’ असं त्या प्रकाराचं नाव. दावा असा की, पानं नुसती भराभर उलटली तरी एक लाख चिनी अक्षरांचं पुस्तक एक ते पाच मिनिटांत डोक्यात जातं. क्वांटम हा शब्द आता हळदीसारखा झाला आहे, कशातही चिमूटभर टाकतात. आपणही फार हसू नये. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला लावणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे क्लास आपल्याकडे जोरात चालले होते आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना त्यांच्यामागे लागावं लागलं होतं.

खरी चिनी मुलं इंग्रजी कशी वाचतात, ते बघायचं तर जूनमध्ये बघावं. ७ जूनला गाओकाओ, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा सुरू होते. २०२४ मध्ये तिला १ कोटी ३४ लाखांहून जास्त मुलांनी नावं नोंदवली होती. इंग्रजीचा पेपर दोन तासांचा, १५० गुणांचा. त्यातले ५० गुण निव्वळ वाचून समजण्याला. ए, बी, सी, डी असे चार उतारे, त्यांवर १५ प्रश्न. शिवाय पाच गाळलेल्या वाक्यांचा आणखी एक उतारा, त्यासाठी सात वाक्यं दिलेली, दोन फसवी. प्रत्येक प्रश्न अडीच गुणांचा. ‘ए’ बहुधा सूचनाफलकासारखा असतो, संग्रहालयाच्या वेळा, शिबिराचं शुल्क वगैरे. ‘डी’ म्हणजे कुठल्यातरी संशोधनाबद्दलचं तीनेकशे शब्दांचं लेखन, आणि मुलं हातघाईला येतात ती तिथे.

तिथे अडलं की मंत्र बाहेर येतात. ‘तीन आखूड, एक लांब, तर लांब निवड, तीन लांब, एक आखूड, तर आखूड निवड’ हे पर्याय ठोकायचं सूत्र चिनी शाळकरी मुलांना पाठ असतं. बाहेर फाटकाशी आया छीपाओ, म्हणजे चिनी बायकांचा पारंपरिक झगा घालून उभ्या, कारण ‘झेंडा फडकताच विजय’ या म्हणीतलं पहिलं अक्षर आणि छीपाओतलं पहिलं अक्षर एकच. आपल्याकडे हातावर दही-साखर ठेवतात. दोन्हींत एक बरं आहे, फी नाही.

आता डोळ्याकडे वळू. ओळीवरून डोळा इस्त्रीसारखा सरकतो असं आपल्याला वाटतं. तो सरकत नाही, उड्या मारतो आणि प्रत्येक उडीनंतर थबकतो. पॅरिसमधले नेत्रतज्ज्ञ लुई एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास हे ध्यानात आलं. एक थांबा साधारण पाव सेकंदाचा. उडी त्याच्या दहाव्या हिश्शाची, आणि उडी चालू असताना मेंदूच्या हाती जवळपास काही लागत नाही. एसटीत माणसं चढतात ती थांब्यावर, तसे शब्द आत येतात ते थांब्यावरच.

थांब्यावरही फार दिसत नाही. हात लांब करून अंगठा समोर धरा. त्या नखाएवढ्या जागेतच बारीक अक्षर स्पष्ट दिसतं, कारण दृष्टिपटलाच्या मधल्या खळगीतच शंकूपेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. पटत नसेल तर ‘खळगी’ या शब्दावर नजर खिळवून ठेवा आणि दोन ओळी खालचा शब्द वाचून दाखवा.

ही जागा नेमकी केवढी, ते १९७५ मध्ये जॉर्ज मॅकॉन्की आणि कीथ रेनर यांनी मोठ्या चलाखीने मोजलं. पडद्यावर मजकूर, पण खरी अक्षरं फक्त डोळा जिथे टेकला असेल तिथे. बाकी सगळीकडे ‘एक्स’ची रांग. डोळा हलला की खिडकीही त्याच्याबरोबर हलते. खिडकी लहान लहान करत न्यायची आणि वाचणारा कधी अडखळतो ते बघायचं. इंग्रजीत ही खिडकी डावीकडे तीन-चार अक्षरं आणि उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरं एवढी निघाली. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, तर तिथे खिडकी डावीकडे लांब. म्हणजे ही लांबी डोळ्याच्या बनावटीने ठरत नाही, लक्ष कुठे धावतं आहे त्याने ठरते. चिनी वाचताना ती डावीकडे एक आणि उजवीकडे दोन-तीन अक्षरांची असते. एकेका चिनी अक्षरात ऐवज जास्त, त्यामुळे थांब्यागणिक मिळकत काही वाईट नाही.

हिशेब करून टाकू. पाच मिनिटांत लाख अक्षरं म्हणजे सेकंदाला ३३३. डोळा सेकंदाला चार वेळा थांबतो, दर थांब्याला तीन अक्षरं धरली तर १२ झाली, तीही एकदासुद्धा मागे न वळता. उरलेली ३२१ अक्षरं क्वांटमने आणायची.

मग ही खिडकी सरावाने मोठी करावी, असं कोणीही म्हणेल. शीघ्रवाचनाच्या वर्गांत नेमकं तेच विकतात, डोळ्यांचे व्यायाम. गंमत अशी की खिडकीचा दोर डोळ्याच्या नाही, समोरच्या शब्दाच्या हातात असतो, आणि हा सगळ्या वाचनशास्त्रातला माझा लाडका भाग आहे.

एका थांब्यावर दोन कामं चालतात. समोरचा शब्द ओळखायचा आणि कडेने पुढच्या शब्दाची चाहूल घ्यायची. चाहूल लागलेला शब्द पुढच्या थांब्यावर काही मिलिसेकंद लवकर ओळखला जातो. १९९८ मध्ये रेनर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘ई-झेड रीडर’ या प्रारूपात शब्द ओळखण्याचे दोन टप्पे आहेत. पहिला, ‘ओळखीचा वाटतोय’ असा अंदाज. तो आला की डोळ्याच्या स्नायूंना उडीचा हुकूम सुटतो, पण हुकूम अमलात यायला सुमारे अष्टमांश सेकंद लागतो. तोवर डोळा जागेवरच. दुसरा टप्पा, शब्द पुरता ओळखला जाणं. तो संपला की लक्ष पुढच्या शब्दावर सरकतं, डोळा अजून मागच्याच शब्दावर असताना. लक्ष निघून गेलंय आणि डोळा निघायचाय, ही जी फट राहते, तिच्यात चाहूल मिळते. शब्द सोपा असेल तर दुसरा टप्पा झटकन उरकतो आणि फट मोठी राहते. शब्द अवघड असेल तर दुसरा टप्पाच फट खाऊन टाकतो. लक्ष पोचतंय न पोचतंय तोच डोळाही येऊन आदळतो, आणि पुढचा शब्द, तो कितीही सोपा असो, कोरा समोर येतो. (इथे घोटाळा झाला असेल तर परिच्छेद पुन्हा वाचा. मीही हे पहिल्यांदा वाचताना तीनदा मागे गेलो होतो.)

अवघड शब्द समोर असला की पुढची चाहूल आटते, हे हेंडरसन आणि फेरेरा यांनी १९९० मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं. दुसऱ्या भाषेत वाचताना खिडकी अरुंद होते, हेही द्विभाषिक वाचकांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. डोळे तेच, माणूस तोच.

म्हणजे अनोळखी शब्द दोनदा वसुली करतो, एकदा स्वतःची आणि एकदा शेजाऱ्याची. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. तीनशे शब्दांच्या उताऱ्यात याचा अर्थ सहा अनोळखी शब्द. ९५ टक्के म्हटलं तर ऐकायला काही फार फरक नाही, पण अनोळखी शब्द होतात पंधरा, म्हणजे दर वीस शब्दांमागे एक खड्डा.

गाओकाओसाठी ‘३५०० शब्द’ हा आकडा चिनी मुलांच्या तोंडी असतो. त्यांची चोपडी दप्तरात, खिशात, जेवणाच्या रांगेतसुद्धा. पण पेपर काढणारे पुष्कळदा शब्द बाहेरून आणत नाहीत, घरातलाच शब्द वेषांतर करून पाठवतात. ‘ॲड्रेस’ म्हणजे पत्ता, हे लहानपणीच शिकून झालेलं. ‘डी’ उताऱ्यात शास्त्रज्ञ एखादा प्रश्न ‘ॲड्रेस’ करतात. ओळखीचा शब्द, म्हणून पहिला टप्पा लगेच पास, डोळा उडाला. तीन शब्द पुढे गेल्यावर अर्थ बसत नाही आणि माघारी यावं लागतं. चांगले वाचकसुद्धा शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे मारतात. इथे त्या वाढतात. अशा शब्दांना चिनी शिक्षक ‘ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ’ म्हणतात आणि मुलं त्यांच्या वेगळ्या याद्या करतात.

या मुलांच्या हाती एक कसब मात्र आपल्यापेक्षा जास्त असतं. चिनीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. यांगत्से नदीवर १९६८ मध्ये झालेल्या पुलाच्या नावाची सात अक्षरं प्रसिद्ध आहेत. नानजिंग शहर, मग यांगत्से नदी, मग मोठा पूल, असं तोडलं तर पुलाचं नाव. तिसरं आणि चौथं अक्षर जोडून वाचलं तर त्याचं होतं ‘नानजिंगचे महापौर जियांग दाछियाओ’. ही तोडजोड चिनी वाचक थांब्याथांब्यावर विनासायास करत असतो. २००८ मधल्या एका प्रयोगात शब्दांमध्ये मुद्दाम जागा सोडून चिनी मजकूर दिला, तर चिनी वाचकांचा वेग वाढलाही नाही, घटलाही नाही. इंग्रजीतल्या जागा काढून टाकल्या तर इंग्रजी वाचणाऱ्याचा वेग तीस ते पन्नास टक्के घसरतो. आपणही हे जमवत होतो. मोडीत आधी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं, शब्द तोडण्याची पद्धतच नव्हती. आतातुम्हीहेवाक्यवाचूनबघा. जमलं, पण डोळ्याला वळ उठले.

वाक्यरचनेत मात्र चिनी मुलगा आणि अनसीन पॅसेज सोडवणारा आपला दहावीचा मुलगा एकाच नावेत. ‘मी काल घेतलेलं पुस्तक’ असं आपण म्हणतो, चिनीतही वर्णन आधी आणि पुस्तक शेवटी. इंग्रजीत पुस्तक आधी येतं आणि त्याचं शेपूट मागून लांबत जातं, शेपटाला आणखी शेपूट. अशा लांब, अवघड वाक्यांना चिनी वर्गात खास नाव आहे, आणि शिक्षक फळ्यावर कंसांत कंस घालून ती सोलून दाखवतात.

आता सराव. उताऱ्यामागून उतारा फस्त करण्याला चिनी मुलं ‘श्वा थी’ म्हणतात, म्हणजे प्रश्नांवर ब्रश मारत सुटणं. रंगाऱ्यासारखं, भिंत संपली की पुढची भिंत. पेपरची सवय, घड्याळाचा अंदाज, फसवा पर्याय कसा रचतात याचा वास, एवढं त्यातून पक्कं मिळतं. पण उत्तरं तपासून लगेच पुढचा उतारा घेतला की अवघड शब्द आयुष्यात एकदाच भेटतो. पहिल्या टप्प्यावरचा ‘ओळखीचा वाटतोय’ हा कौल पुन्हा पुन्हा भेटल्याशिवाय येत नाही. म्हणून कालचाच उतारा आज सकाळी परत मोठ्याने वाचायला लावणारी शिक्षिका, मुलांना कितीही कंटाळवाणी वाटो, डोळ्यांच्या व्यायामवाल्यापेक्षा जास्त कामाचं काही करत असते. चिनी शाळांत पहिल्या तासाआधी असं वाचन चालतंच, अख्खा वर्ग एकदम, प्रत्येक जण आपापलं, आणि बाहेरून ऐकलं तर मधमाश्यांचं पोळं.

तिथल्या मुलांचा एक जुना विनोद आहे. शब्दांची चोपडी अकारविल्हे असते, आणि पहिल्याच पानावर शब्द येतो ‘अबॅण्डन’, सोडून देणे. मुलं तो पाठ करतात आणि लगेच तसं वागतात. पुढच्या सुटीत पुन्हा निश्चय, पुन्हा पहिलं पान, पुन्हा ‘अबॅण्डन’. त्यामुळे या एका शब्दावर त्यांचा डोळा फार वेळ टेकत नाही, फट भरपूर मोठी राहते, पुढच्या शब्दाची चाहूल व्यवस्थित लागते. पंचाईत एवढीच की ‘डी’ उताऱ्यात तो शब्द सहसा येत नाही.