घोड्याचं कल्याण आणि घोड्याचा हक्क

वरातीला घोडा नको, असं भाच्यानं जाहीर केलं आणि नाशिकच्या गंगापूर रोडच्या घरात चहा गार झाला. मी मामा, म्हणून समजूत घालायचं काम माझ्याकडे. म्हटलं, "अरे, चांगली चंदी घालू, पाणी दाखवू, डीजेपासून लांब ठेवू. कोणी चाबूक उगारणार नाही." तो म्हणाला, "मामा, मारण्याबद्दल मी बोलतच नाहीये. त्याला आपल्या हौसेसाठी आणायचंच कशाला?"

तो विचारत होता एक, मी उत्तर देत होतो भलत्याच प्रश्नाचं. रेसच्या घोड्यांवरून वाद होतो तेव्हाही हेच चालतं. प्राणीकल्याण आणि प्राणीहक्क हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. कल्याणवाल्याचं भांडण वागणुकीशी असतं, हक्कवाल्याचं वापराशीच.

आपला १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा पहिल्या जातीचा. तो 'अनावश्यक' वेदना देऊ नका म्हणतो. म्हणजे काही वेदना आवश्यक असतात, हे त्यानं आधीच धरून ठेवलंय. सगळी गोम त्या एका शब्दात आहे.

हा चष्मा लावून रेसकडे बघा. हिवाळ्यात मुंबईत महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला जे थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचे घोडे, पळतात, त्यांची बडदास्त अनेक माणसांना मिळत नाही. पागेत वेळेवर खरारा, मोजून चंदी, हाताशी डॉक्टर. पण घोडा दोन वर्षांचा झाला की शर्यतीत उतरतो आणि त्याचा सांगाडा पुरता पक्का व्हायला पाचेक वर्षं लागतात. दौडीच्या ताणानं फुप्फुसात रक्तस्राव होणं इतकं नेहमीचं आहे, की बहुतेक घोड्यांच्या श्वासनलिकेत दुर्बीण घालून बघितलं तर कधी ना कधी ते सापडतंच. दिवसाचे बरेच तास ठाणबंद आणि दाण्यावर जोर, त्यामुळे पोटात अल्सर. पायाचं हाड वाईट मोडलं तर बहुतेकदा इंजेक्शन देऊन संपवतात. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर तीन पायांवर महिनोन्‌महिने उभं राहू शकत नाही, जास्तीचा भार पडणाऱ्या धड पायाचे खूरही बिघडतात. कल्याणवाला म्हणेल, वय वाढवा, धावपट्टी मऊ ठेवा, चाबूक बंद करा. नॉर्वेनं १९८२ मध्येच चाबकाला लगाम घातला, तरी तिथली रेस बंद पडली नाही.

हक्कवाल्याला हे सगळं मिळालं तरी तो हटत नाही. त्याला विचारायचंय, यात घोड्याचं काय?

"घोड्याला पळायला आवडतंच की" हे उत्तर मीही दिलंय. मग येवल्याच्या मंगळवारच्या बाजारात एक काठियावाडी घोडी बघितली. व्यापारी ओठ वर करून दात दाखवत होता, गिऱ्हाईक बोटानं अंगावरचे केसांचे भोवरे मोजत होतं. मग रेवाल, म्हणजे स्वाराला हादरे न देणारी चाल दाखवायला पोरगं पाठीवर बसलं. चार फेऱ्या झाल्यावर लगाम सैल पडला, तर घोडी सरळ आपल्या शिंगराकडे निघाली. तिला पळायचं होतं, नाही असं नाही, पण कुठे आणि कधी ते तिचं तिला ठरवायचं होतं. 'घोडा मेला ओझ्यानं, शिंगरू मेलं येरझाऱ्यानं' ही म्हण तिथं उगाच आठवली.

कोर्टातही या दोन भाषा एकमेकींत मिसळतात. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी घालताना सुप्रीम कोर्ट हक्कांच्या भाषेत बोललं. २०२३ मध्ये घटनापीठानं प्राण्यांना मूलभूत हक्क द्यायला नकार दिला, आणि वेदना कमी करणारे नियम केलेत म्हणून महाराष्ट्रासह तीन राज्यांचे कायदे मान्य केले. म्हणजे गाडी परत कल्याणावर आली. घोड्यांच्या रेसबद्दलचा १९९६ चा गाजलेला निकाल तर कौशल्य की जुगार, एवढ्यावरच होता. त्यात घोड्याच्या पायांचा प्रश्न नव्हताच. जुन्नर-आंबेगावकडे बैलगाड्यापुढे जी घोडी पळते, ती तर या भांडणात कुणाच्या खिजगणतीतच नाही.

माझा कल अजून कल्याणाकडे आहे. हक्कवाल्यांना मी एकच विचारतो: उद्या रेस थांबली, तर पागेतल्या घोड्यांना चारा कोण घालणार? त्यांचंही उत्तर तयार असतं: पैदास थांबवा, आहेत त्यांना म्हातारपणापर्यंत सांभाळा. मला ते खर्चाचं वाटतं, खोटं वाटत नाही.

भाचा पायी गेला. बँडवाल्यांनाही दोन गल्ल्यांतच दम लागला. घोडेवाल्याचा ॲडव्हान्स मी परत मागितला नाही. तो म्हणाला, "साहेब, एवढ्यात आठवडा निघेल. पुढच्या मुहूर्ताला दुसरं गिऱ्हाईक बघा माझ्यासाठी." मी हो म्हटलं, आणि भाच्याला ते अजून सांगितलेलं नाही.