स्पार्क प्लगच्या वायरींची मांडणी : सनबीम टायगर

डिस्ट्रिब्युटर म्हणजे ठिणगीसाठीचा विद्युतदाब पाळीपाळीने प्रत्येक सिलिंडरकडे वाटणारा भाग. त्याच्या टोपीपासून प्रत्येक सिलिंडरच्या स्पार्क प्लगपर्यंत जाणाऱ्या वायरी कोणत्या वाटेने न्यायच्या, कोणाच्या शेजारी कोणती ठेवायची आणि गरम भागांपासून त्या किती लांब राखायच्या, याची आखणी म्हणजे प्लग-वायरींची मांडणी. आपल्याकडच्या गॅरेजांत डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ आणि या वायरींना ‘एचटी (हाय टेन्शन) वायर’ म्हणतात. चार सिलिंडरच्या साध्या गाडीत यावर कोणी फारसे डोके खपवत नाही. पण छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये व्ही-८, म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन तिरप्या रांगांचे इंजिन कोंबले आणि वर त्यात फेरफार केले, की याच आठ वायरी पिस्टन फोडण्यापर्यंत मजल मारू शकतात. सनबीम टायगर हे त्याचे नमुनेदार उदाहरण आहे.

ब्रिटनच्या रूट्स ग्रुपने सनबीम अल्पाइन या चार सिलिंडरच्या गाडीच्या सांगाड्यात फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवून १९६४ मध्ये टायगर बाजारात आणली. सुरुवातीच्या विकासकामात अमेरिकेचे रेसिंग गाड्या बनवणारे कॅरोल शेल्बी यांचा हात होता. जुळणी वेस्ट ब्रॉमिच येथे जेन्सनच्या कारखान्यात होई. पहिल्या आवृत्तीत २६० घन इंचांचे (सुमारे ४.३ लिटर) आणि दुसरीत २८९ घन इंचांचे (४.७ लिटर) इंजिन होते. १९६७ मध्ये उत्पादन थांबले. त्या सुमारास रूट्स क्रायस्लरच्या ताब्यात गेली होती आणि प्रतिस्पर्ध्याचे इंजिन विकत घेत राहणे क्रायस्लरला मानवणारे नव्हते. त्यांचे स्वतःचे छोटे व्ही-८ या बॉनेटखाली मावेना. शिवाय त्याचा डिस्ट्रिब्युटर मागे, फायरवॉलला (इंजिन आणि प्रवाशांची जागा यांमधल्या पत्र्याच्या भिंतीला) खेटून, तर फोर्डचा पुढे. डिस्ट्रिब्युटरची जागा एखाद्या गाडीच्या नशिबाला इतकी नडल्याचे दुसरे उदाहरण पटकन आठवत नाही.

इंजिनाची खोली किती अडचणीची आहे ते एका गोष्टीवरून कळते. (चालकाच्या आसनावरून पाहता) डाव्या बाजूचा सर्वांत मागचा, म्हणजे ८ क्रमांकाचा प्लग बॉनेट उघडून नीट हाती लागत नाही. त्यासाठी फायरवॉलला भोक ठेवले आहे. गाडीच्या आत, पाय ठेवायच्या जागेत वाकायचे, भोकाचे रबरी बूच काढायचे आणि तिथून पाना घालायचा.

फोर्डच्या या इंजिनात उजव्या बाजूला पुढून मागे १ ते ४ आणि डाव्या बाजूला ५ ते ८ असे सिलिंडर असतात. ठिणगीचा क्रम १-५-४-२-६-३-७-८. यातली मेख शेवटच्या जोडीत आहे. ७ आणि ८ हे एकाच बाजूचे सख्खे शेजारी आणि पेटतातही एकामागून एक. डिस्ट्रिब्युटर पुढे असल्याने डावीकडच्या वायरींत सर्वांत लांब वायरी नेमक्या याच दोघांच्या. त्या टॅपेट कव्हरवरून जोडीने मागे गेल्या, की ७ च्या वायरीतल्या व्होल्टेजच्या झटक्याने ८ च्या वायरीतही व्होल्टेज उपजते. दोन्ही वायरी शाबूत असल्या, कुठेही चीर नसली, तरी हे घडते. जितके अंतर त्या समांतर आणि चिकटून धावतील तितका हा प्रभाव जास्त.

अशी उसनी ठिणगी इतर सिलिंडरांत सहसा वाया जाते, कारण तिथे पेटण्याजोगे काही नसते. ८ मध्ये मात्र त्या वेळी ताजे मिश्रण भरून दाबले जाऊ लागलेले असते. दाब अजून कमी असल्यामुळे प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला थोडे व्होल्टेजही पुरते. मिश्रण योग्य क्षणाच्या क्रँकच्या ९० अंश आधी पेटते आणि वर येणाऱ्या पिस्टनला त्या स्फोटाविरुद्ध चढावे लागते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर हे ९० अंश म्हणजे अवघे अडीच मिलिसेकंद. चालकाला कळते ते एवढेच, की पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी मिसिंग मारते. मग कार्ब्युरेटर उघडला जातो, टायमिंग पाहिले जाते आणि वायरींकडे शेवटी लक्ष जाते.

उपाय साधा आहे : ७ आणि ८ यांच्या मध्ये ५ किंवा ६ ची वायर घालायची, किंवा दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी न्यायच्या. एकमेकींना ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडावे. सगळ्या वायरी एका प्लास्टिक पट्टीने आवळून केलेली जुडी प्रदर्शनात सुबक दिसते, पण या इंजिनात त्याहून वाईट मांडणी नाही. वायरी सुट्या ठेवणारे कंगव्यासारखे प्लास्टिकचे धारक मिळतात. मात्र त्यांतही ५-६-७-८ असा सरळ क्रम लावला, की ७ आणि ८ पुन्हा शेजारीच येतात.

फेरफार केलेल्या इंजिनात प्रश्न वाढतात. अनेक टायगरांत आता ३०२ घन इंचांचे इंजिन असते. त्यात १९८२ नंतरच्या ‘हाय आउटपुट’ प्रकारची कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) असली तर ठिणगीचा क्रम १-३-७-२-६-५-४-८ होतो. दोन्ही क्रम एकाखाली एक लिहून पाहिले तर टोपीवर ३ व ५ आणि ४ व ७ एवढ्याच वायरींची अदलाबदल करायची असते. पण धोक्याची जोडी आता ६-५ होते. ही डावीकडे पुढे असल्याने तिच्या वायरी आखूड, वारा लागणाऱ्या आणि हाताशी येणाऱ्या. टायगरपुरता हा बदल फायद्याचाच म्हणायचा. कॅमशाफ्ट बदलून वायरींची मांडणी मात्र जुनीच ठेवली, तर जुन्या जोडीची काळजी घेतलेली आणि नवी जोडी चिकटलेली, अशी गंमत होते.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. जळका वायू बाहेर नेणाऱ्या ओतीव मॅनिफोल्डच्या जागी नळ्यांचे हेडर बसवले की त्या नळ्या प्लगच्या अगदी जवळून वळतात. सिलिकॉनचे आवरण साधारण २०० अंश सेल्सियसच्या थोडे वरपर्यंत तग धरते, हेडर त्याहून कितीतरी तापतो. म्हणून प्लगच्या आकाराप्रमाणे सरळ, ४५ किंवा ९० अंशांची रबरी टोपी निवडतात आणि तिच्यावर काचतंतूंची बाही चढवतात. वायर हेडरला टेकता कामा नये. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, त्यामुळे उभ्या गाडीत दिसणारे अंतर धावत्या गाडीत राहीलच असे नाही.

तिसरा प्रश्न जाडीचा. मूळ ७ मिलिमीटरच्या जागी ८ किंवा ८.५ मिलिमीटरच्या वायरी घालतात. जाड आवरणाने गळती कमी होते, पण शेजारच्या वायरीतला प्रभाव त्याने टळत नाही. त्याला अंतरच लागते. तांब्याच्या सरळ गाभ्याची वायर पॉइंटवाल्या (उघडझाप करणाऱ्या यांत्रिक संपर्काच्या) जुन्या इग्निशनला चालते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनला मात्र तिचा रेडिओ-गोंगाट बाधू शकतो, तिथे सर्पिल गाभ्याची वायर बरी. या गोंगाटाने शेवरोले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारलाही छळले होते. फायबरग्लासची बॉडी तो अडवत नसल्याने रेडिओ असलेल्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरवर धातूचे कवच बसवावे लागे.

तपासणी रात्री करतात. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला, की चिरलेल्या आवरणातून निळसर ठिणग्या दिसतात. शाबूत वायरींमधला ७-८ चा प्रभाव या परीक्षेत सापडत नाही, त्यासाठी वायरी बोटाने माग काढत टोपीपासून प्लगपर्यंत पाहाव्या लागतात. ८ ची वायर थोडी सैल ठेवावी, पण फायरवॉलच्या भोकातून हात घालून तिची टोपी ओढताना ती हेडरवर जाऊन पडणार नाही, अशा बेताने.