मीटरचा फोटो पाठवण्याआधी एवढं वाचा

आमच्या दुकानात पंखे मिळतात, आणि विजेचं बिल जास्त का येतं याचा सल्लाही. होळी झाली, कूलर माळ्यावरून खाली उतरले की दुकानाच्या व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न सुरू होतो. "भाऊ, बिल काहून एवढं आलं?" सोबत फोटो असतो तो बिलावरच्या रकमेचा, नाहीतर मोबाईलवर आलेल्या मेसेजचा. २,३४० रुपये. त्यावरून आम्हाला एवढंच कळतं की बिल जास्त आहे, आणि ते तुम्हाला आधीच कळलेलं असतं.

रकमेत मागची थकबाकी असू शकते. रीडिंग मिळालं नव्हतं म्हणून मागच्या महिन्यात सरासरी बिल आलं असेल, तर त्याची भरपाई या महिन्यात झालेली असू शकते. म्हणून बिलाची दोन्ही पानं पाठवा, चारही कोपरे दिसतील असे. आम्ही सगळ्यात आधी चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता बघतो. अर्ध्या तक्रारी तिथंच निकालात निघतात, कारण गेल्या मे महिन्यातही युनिट तेवढेच होते आणि ते कोणाच्या लक्षात नव्हतं.

आता खरी भानगड मीटरची. एका दिवसात किती युनिट जळतात हे कळायला आम्ही मीटरचे दोन फोटो मागतो: एक आज, दुसरा उद्या त्याच वेळेला. पण मीटरची स्क्रीन एका जागी थांबत नाही. दर काही सेकंदांनी आकडा बदलतो. कधी तारीख, कधी वेळ, कधी व्होल्टेज, कधी महिन्यातला सर्वाधिक भार. आपल्याला हवा तो आकडा ज्याच्या बाजूला केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) अशी अक्षरं येतात तोच. लोक मीटरसमोर उभे राहतात, जो आकडा दिसेल त्याचा फोटो काढतात आणि पाठवून देतात.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या पुढच्या एका गावातल्या काकांनी फोटो पाठवले. पहिल्यात २१२.४, दुसऱ्यात २२६.१. आमच्या मुलानं वजाबाकी केली: दिवसाला जवळपास १४ युनिट! घरात एक कूलर, एक फ्रिज, तीन पंखे. गीझर नाही, एसी नाही. म्हणजे कुठंतरी वायर लीक आहे, भिंतीत करंट उतरतो आहे, माणसाला धोका आहे, असं समजून तो भर दुपारी, नवतप्यात, वायरमधला करंट मोजायचं क्लॅम्प मीटर घेऊन २६ किलोमीटर गाडी मारत गेला. तिथं मीटरसमोर दोन मिनिटं उभा राहिला आणि त्याच्या ध्यानात आलं. दोन्ही फोटो व्होल्टेजचे होते. खरं रीडिंग चार आकडी होतं आणि रोजचा वापर सहा युनिटांच्या आत. काकांनी आंब्याचं पन्हं पाजलं, पण त्या दिवसाच्या दोन भेटी बुडाल्या त्या बुडाल्याच. चूक आमचीही होती. पूर्ण बिल मागितलं असतं तर रीडिंग जुळत नाही हे दुकानात बसूनच दिसलं असतं. तेव्हापासून नियम केला: केडब्ल्यूएच दिसत नसेल तर तो फोटो आम्ही हिशोबात धरत नाही. राग मानू नका.

सोपा उपाय म्हणजे फोटो काढूच नका, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. सगळे आकडे त्यात येतात. मधल्या चोवीस तासांत लाईन गेली असेल तर किती वेळ, तेही लिहा. ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर बसलं आहे त्यांना या खटाटोपाची गरज नाही. महावितरणच्या ॲपवर रोजचा वापर दिसतो, त्याचाच स्क्रीनशॉट चालेल. या मीटरवर दिवसा, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापराला युनिटमागे सवलत आहे, तेव्हा पाण्याची मोटर आणि इस्त्री त्या वेळेत उरकलेली बरी.

स्वतः तपासायचं असेल तर मीटरवरचा लाल दिवा बघा. त्याच्याजवळ ३२०० असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. सगळं बंद करून फक्त कूलर चालू ठेवा आणि एक मिनिट मोजा. दिवा साधारण १० ते ११ वेळा लुकलुकला तर कूलर २०० वॅटच्या आसपास खातो आहे. दिवसाचे १६ तास चालला तर रोज सव्वातीन युनिट, महिन्याला जवळपास शंभर. आपल्याकडच्या एक्झॉस्ट फॅनच्या लोखंडी कूलरचं हे असंच असतं. आणि सगळी बटणं बंद असतानाही दिवा लुकलुकत राहिला, तर मात्र फोटो-बिटो राहू द्या, सरळ फोन करा.

पहिल्या शंभर युनिटांनंतरच्या युनिटांचा दर जवळपास दुप्पट लागतो. बरेच जण समजतात की १०१ झाले की सगळ्याच युनिटांना वाढीव दर लागतो. तसं नाही, वरच्या युनिटांनाच लागतो. पण उन्हाळ्यात कूलर एकटाच शंभर गाठतो, त्यामुळे बाकी घर सगळं महाग दरात जातं.

कूलरला खोलीची समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. बंद खोलीत दमट होतं, मग माणूस फॅन वाढवतो आणि तरी घामच. खाऱ्या पाण्यानं कूलरच्या बाजूच्या गवताच्या ताट्या कडक झाल्या असतील तर बदला; हवा आत ओढली जात नाही तोवर नवीन मोटर टाकून उपयोग नाही. ताट्या आमच्याकडे आहेत, गावातल्या कूलरवाल्याकडेही मिळतील.

बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो, जुना ७५ वर. रोज पंधरा तास फिरत असेल तर महिन्याला वीस युनिट वाचतात. आम्ही हे पंखे विकतो, पण ज्यांचं बिल बाराही महिने शंभर युनिटांच्या आत आहे त्यांना आम्हीच सांगतो, जुना जळेपर्यंत चालू द्या. सॉकेटला लावायचं 'वीज वाचवणारं' यंत्र मात्र आम्ही ठेवत नाही आणि ठेवणारही नाही. त्यात कपॅसिटर असतो. घरगुती बिल केडब्ल्यूएचवर निघतं, त्याला त्याचा काही फरक पडत नाही. ऑनलाईन मागवून झालं असेल तर परत करा.

फोटोवरून सल्ल्याचे १०० रुपये आणि घरी येऊन तपासणीचे ३०० आम्ही घेतो. "नुसतं सांगायचे पैसे?" असं विचारतात. हो, सांगायचेच. सल्ला फुकट दिला तर दुकान चालवायला दर वेळी पंखा गळ्यात मारावा लागेल. छतावरच्या सोलरचंही तसंच: पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला केंद्राचं अनुदान ७८,००० रुपये मिळतं हे खरं, पण तुमचा वापर महिन्याला ९० युनिट असेल तर एवढा मोठा संच कशाला, हे आम्ही आधी विचारणार.

आणखी एक. आम्ही कधीही ओटीपी मागत नाही, कुठलं ॲप डाऊनलोड करा म्हणत नाही. "आज रात्री लाईन कापणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला तर त्या नंबरवर फोन करू नका, आम्हाला पाठवा.

बाजाराच्या दिवशी दुकानात बोलायला वेळ होत नाही. व्हिडिओ आदल्या रात्री टाकून ठेवा, सकाळी दहाच्या आत उत्तर मिळेल. पाठवताना गावाचं नाव आणि मीटर कोणाच्या नावावर आहे तेही लिहा, कारण नुसतं 'दादा'च्या नावानं सेव्ह केलेले आमच्याकडे अकरा नंबर आहेत.