पॉइंट टू-टूवर कोणता स्कोप चढवावा?

स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण, बघायला दुकानात आलेला माणूस सहसा पहिल्यांदा विचारतो, "हा किती एक्सचा?", म्हणजे लक्ष्य किती पट मोठं दाखवणारा. आम्ही उलट विचारतो, "किती अंतरावर मारणार?" पॉइंट टू-टू (.22) रिमफायरच्या, म्हणजे काडतुसाच्या कडेवर आघात होऊन उडणाऱ्या छोट्या गोळीच्या बाबतीत उत्तर बहुधा 20 ते 100 मीटरच्या आत येतं. अशा वेळी एक्सच्या आधी पॅरॅलॅक्स बघायला हवा.

लक्ष्याची प्रतिमा आणि क्रॉसहेअर स्कोपच्या आत एकाच पातळीवर जुळली नाहीत, तर डोळा जरा हलला तरी क्रॉसहेअर (नेम धरायची फुली) लक्ष्यावरून सरकते. हाच पॅरॅलॅक्स. घरी तपासायचं असेल तर रिकामी रायफल सँडबॅगवर पक्की ठेवा, तिला हात न लावता डोकं किंचित वर-खाली करा आणि क्रॉसहेअर जागेवर राहते का ते बघा. पॅरॅलॅक्स बदलता न येणारे सेंटरफायरचे (काडतुसाच्या मध्यावर आघात होणाऱ्या, सहसा जास्त ताकदीच्या रायफलींचे) स्कोप बहुधा 100 यार्डांवर जुळवलेले असतात, रिमफायरचे 50 यार्डांच्या आसपास. फरक किती पडतो? 40 मिमी भिंगाचा, 100 मीटरला जुळवलेला स्कोप 50 मीटरवर वापरला आणि डोळा पार कडेला गेला, तर नेम 10 मिमीपर्यंत चुकू शकतो. ऑलिंपिकच्या 50 मीटर टार्गेटवर दहाचं वर्तुळच 10.4 मिमी व्यासाचं असतं. गोळ्या पसरल्या की दोष बिचाऱ्या बॅरलला लागतो.

म्हणून शक्य असेल तर पॅरॅलॅक्स बदलता येणारा स्कोप घ्या. त्यासाठी पुढच्या भिंगाभोवती रिंग असते किंवा डाव्या बाजूला नॉब. काही मॉडेल 10 यार्डांपर्यंत खाली येतात. रिंगवर छापलेल्या आकड्यांवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. आधी आयपीस (डोळ्याकडचं भिंग) फिरवून क्रॉसहेअर स्पष्ट करून घ्या, मग वरची डोकं हलवण्याची चाचणी करत रिंग लावा.

आता एक्स. सर्व कामांसाठी एकच स्कोप हवा असेल तर आमचं मत 2-7×32 (2 ते 7 एक्स, पुढचं भिंग 32 मिमी) किंवा 3-9×40 ला. 16 एक्स, 24 एक्स बाकावरून कागदावर मारायला छान, पण उभ्याने मारताना हाताचा कंपही तेवढाच मोठा दिसतो आणि दृश्याचा पट्टा अरुंद झाल्यामुळे लक्ष्य शोधण्यातच वेळ जातो. उजेडाचा हिशेबही सोपा आहे: भिंगाच्या मिलिमीटरला एक्सने भागा. 40 मिमी भिंग 4 एक्सवर 10 मिमीचा प्रकाशझोत डोळ्याकडे पाठवतं, 16 एक्सवर फक्त अडीच मिमीचा. संध्याकाळी बाहुली त्याहून बरीच मोठी होते, त्यामुळे चित्र काळवंडतं.

नेमबाजी स्पर्धेसाठी घेत असाल तर आधी नियम बघा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) 50 मीटर रायफल प्रकारांत रायफलवर स्कोप चालतच नाही.

स्टँडर्ड व्हेलॉसिटीची पॉइंट टू-टू गोळी सेकंदाला साधारण 325 मीटर वेगाने निघते. 50 मीटरवर झीरो केलं, म्हणजे नेम आणि गोळी त्या अंतरावर जुळवली, तर 100 मीटरवर ती 20 ते 25 सेंमी खाली पडते. टरेट (नेम सरकवायचा नॉब) पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) असेल तर 50 मीटरवर एक क्लिक म्हणजे सुमारे 3.6 मिमी. क्लिक हाताला स्पष्ट जाणवायला हवेत आणि फिरवून परत आणल्यावर झीरो जागेवर यायला हवं. हे दोन्ही असेल तर बीडीसी रेटिकल, म्हणजे लांबच्या अंतरांसाठी खाली जादा खुणा असलेली क्रॉसहेअर, नसली तरी अडत नाही. त्या खुणा एका ठरावीक काडतुसावर बेतलेल्या असतात आणि सेकंड फोकल प्लेनच्या स्कोपमध्ये (ज्यात एक्स बदलला तरी क्रॉसहेअर तेवढीच दिसते) त्या एकाच एक्सवर बरोबर बसतात. काडतुसाचा ब्रँड बदलला तर झीरो पुन्हा तपासा.

पॉइंट टू-टूचा झटका नगण्य, म्हणून फार दणकट स्कोपची गरज नाही. पण तोच स्कोप पुढे स्प्रिंगच्या एअर रायफलवर चढवायचा विचार असेल तर आत्ताच सांगा. तिचा झटका पुढे-मागे दोन्ही दिशांना बसतो, आणि त्यासाठी न बनवलेले स्कोप आतून सैल होतात.

माउंट, म्हणजे स्कोप रायफलला धरून ठेवणारी पकड, घेताना रिसीव्हरवर (बॅरलच्या मागच्या, बोल्ट असलेल्या भागावर) 11 मिमीची डव्हटेल खाच आहे की आडव्या खाचांची पिकॅटिनी रेल, ते आधी बघा. दोन्हींचे माउंट वेगळे. माउंटच्या रिंगाही स्कोपच्या ट्यूबच्या जाडीप्रमाणे घ्या, 1 इंच किंवा 30 मिमी. भिंग बॅरलला टेकणार नाही इतपत, पण जमेल तेवढं खाली बसवा. स्क्रू आवळण्याआधी स्कोप सर्वांत जास्त एक्सवर लावून, नेहमीसारखा गाल टेकवून, पूर्ण चित्र दिसतं का ते पाहा. येताना रिसीव्हरच्या वरच्या बाजूचा स्पष्ट फोटो आणलात की माउंट लगेच ठरवता येतो.