पार्श्वभूमी : पहाटेचा बर्फाचा आकडा आणि त्यावरून खाल्लेल्या शिव्या

स्की रिसॉर्टच्या रोजच्या स्नो रिपोर्टवर, म्हणजे नवा बर्फ किती पडला हे सांगणाऱ्या पहाटेच्या वार्तेवर, येणाऱ्या शिव्यांचा ढीग उपसला, तर तळाशी बहुतेक एकच तक्रार सापडते : सकाळी लिहिलं होतं आठ इंच, आम्ही पोचलो तेव्हा पायाखाली जेमतेम चार. उलटी तक्रारही येते, की तुम्ही तीनच इंच म्हणालात म्हणून मी मुकाट्याने ऑफिसला गेलो आणि मित्र मात्र गुडघाभर बर्फात लोळून आले. पण ती कमी. तक्रार करणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. रिपोर्ट लिहिणाराही बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. 'बहुतेक वेळा' हे शब्द मुद्दाम घातलेत, कारण २००९ साली त्यावर चांगलंच बोट ठेवलं गेलं. ते पुढे येईलच.

मोजायचं साधन म्हणाल तर अगदीच साधं. पांढरा रंग दिलेली प्लायवूडची दीड-दोन फुटी चौकोनी फळी, वारा लागणार नाही अशा झाडांमधल्या मोकळ्या जागेत ठेवलेली. पांढरी अशासाठी, की ऊन पडलं तरी ती तापू नये. पहाटे चार-साडेचारला कपाळावर दिवा बांधून कुणीतरी तिथवर जातं. पट्टी फळीला टेकेपर्यंत उभी खुपसायची, आकडा वहीत टिपायचा, हातमोज्याने फळी लख्ख पुसायची आणि नव्या बर्फाच्या पातळीवर पुन्हा आडवी ठेवायची. मग खाली येऊन, रात्रभर उतार सपाट करत फिरलेल्या मशीनवाल्यांना आणि डोंगरावरच्या स्की पट्रोलला, म्हणजे उतारांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या पथकाला, 'वर कसं आहे' विचारायचं आणि साडेपाच-सहाच्या आत सगळं लिहून लोकांपर्यंत पोचवायचं. हे काम करणारा माणूस बहुधा विशी-पंचविशीतला, एका हंगामापुरता ठेवलेला असतो. शिव्याही त्याच्याच खात्यावर जमा होतात.

सगळी गोम त्या पुसण्यात आहे. ताजा बर्फ नव्याने पिंजलेल्या कापसासारखा असतो, पडल्या क्षणापासून स्वतःच्याच वजनाने दबत जातो. फळी दर तासाला पुसून चोवीस आकड्यांची बेरीज केली तर एक उत्तर येतं. सहा-सहा तासांनी पुसली तर त्याहून कमी, आणि दिवसातून एकदाच मोजलं तर आणखी कमी. बर्फ तोच, आकाश तेच. म्हणूनच हिमस्खलनावर लक्ष ठेवणारे पट्रोलवाले एक नव्हे, तीन-तीन आकडे ठेवतात. एचएन२४ म्हणजे चोवीस तासांतला नवा बर्फ, एचएसटी म्हणजे वादळ सुरू झाल्यापासून न पुसलेल्या फळीवरचा आणि एचएस म्हणजे जमिनीपासूनची एकूण जाडी. वाचणारा मात्र एकच आकडा बघतो, सगळ्यात मोठा. त्यात 'ओव्हरनाइट'ची भर. काही ठिकाणी संध्याकाळी चारला लिफ्ट बंद झाल्यावर फळी पुसतात आणि पहाटेचा आकडा 'रात्रीचा' म्हणून देतात, तर काही ठिकाणी तो कालच्या दुपारच्या बर्फात मिळवून 'चोवीस तासांचा' म्हणून. त्यातला दुपारचा बर्फ संध्याकाळपर्यंत लोकांनी तुडवूनही झालेला असतो. आठाचे चार होतात ते असे.

आपल्याला हे समजायला जरा जड जातं, कारण मराठीत गोळेवाला किसतो तोही बर्फ आणि काश्मीरमध्ये आकाशातून पडतो तोही बर्फच. काश्मिरीत आकाशातून पडणाऱ्याला 'शीन' असा वेगळा शब्द आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या रिपोर्टांनी उलटी कसरत केली. तिथे उतारावर चक्क काच झालेली असली तरी रिपोर्टात 'आइस' हा शब्द सहसा येत नाही, 'फ्रोझन ग्रॅन्युलर', म्हणजे 'गोठलेला दाणेदार', येतो. नेहमीचे लोक त्याचा अर्थ बरोबर ओळखतात आणि त्यावर विनोद करतात. नवखे पडतात आणि मग लिहितात.

जुना इतिहास थोडक्यात. बर्फ मोजणं सुरू झालं ते स्कीइंगसाठी नव्हे, पाण्यासाठी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नेवाडातल्या एका लॅटिन-ग्रीकच्या प्राध्यापकाने डोंगरावरच्या बर्फात पोकळ नळी खुपसून त्याचं वजन करायची पद्धत बसवली, म्हणजे उन्हाळ्यात धरणात किती पाणी येणार ते आधी कळावं. दावोसच्या वर २,५०० मीटरवर १९३६ पासून रोजची मोजणी चालू आहे, आणि स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनाचं पत्रक निघू लागलं ते १९४५ पासून. हौशी लोकांसाठी आकडा लागू लागला तो या सगळ्याच्या मधल्या काळात. बॉस्टनहून पहिली 'स्नो ट्रेन' जानेवारी १९३१ मध्ये सुटली, आणि गाडी भरून माणसं डोंगराकडे न्यायची तर तिथे बर्फ आहे की नाही हे आधी कळायला हवंच. पुढे वर्तमानपत्रातला तक्ता आला, रेडिओ आला, टेलिफोनवरची रेकॉर्ड केलेली वार्ता आली. १९५० च्या सुमारास कनेटिकटमध्ये मशीनने बर्फ पाडायला सुरुवात झाली आणि 'बेस'च्या, म्हणजे उतारावर साचलेल्या एकूण थराच्या, आकड्यात आकाशातला किती नि पंपातला किती, हा आणखी एक घोळ वाढला. तोवर रागावलेल्या माणसाला फार तर पत्र लिहिता यायचं किंवा तिकीट खिडकीवर आवाज चढवता यायचा.

आता १९९७. या विषयातलं जे भांडण खरोखर समजून घ्यायला हवं ते हे, आणि गंमत म्हणजे ते कुठल्याच रिसॉर्टवर झालेलं नाही.

न्यूयॉर्क राज्यात ओंटारियो सरोवराच्या पूर्वेला टग हिल नावाचं पठार आहे. सरोवरावरून येणारा गार वारा तिथे अफाट बर्फ टाकतो, तोही अगदी हलका, फुंकर मारली तर उडेल असा. ११ आणि १२ जानेवारी १९९७ ला तिथल्या माँटेग्यू गावी एका प्रशिक्षित स्वयंसेवकाने चोवीस तासांत ७७ इंच, म्हणजे जवळजवळ दोन मीटर बर्फ मोजला. तोवरचा अमेरिकेचा विक्रम होता ७५.८ इंचांचा, कोलोरॅडोतल्या सिल्व्हर लेकचा, एप्रिल १९२१ मधला. विक्रम मोडल्याची बातमी सगळीकडे झाली आणि मग तज्ज्ञांची समिती बसली. समितीने नोंद फेटाळली. कारण असं : नियमाप्रमाणे फळी सहा तासांतून एकदाच, म्हणजे चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा पुसायची. या गृहस्थांनी मोजमापं घेतली होती सहा. कुणी त्यांना लबाड म्हटलं नाही. पट्टीवरचा आकडा चुकला नव्हता, बेरीज नियमात बसत नव्हती.

नियम म्हणून हे बरोबरच आहे. दोन गावांची, दोन सालांची तुलना करायची तर पुसण्याची वेळ सारखीच हवी. पण जो जुना विक्रम त्यामुळे शाबूत राहिला त्याचीही कुंडली पाहायला हवी. सिल्व्हर लेकला १९२१ मध्ये चोवीस तासांचं मोजमाप झालंच नव्हतं. साडेसत्तावीस तासांत ८७ इंच पडले होते, आणि त्यातून चोवीस तासांचा वाटा त्रैराशिकाने काढला तेव्हा ७५.८ आले. म्हणजे सहा वेळा पट्टी लावणारा बाद आणि भागाकार पास. माझी सहानुभूती कुठल्या बाजूला आहे हे एव्हाना लक्षात आलं असेल. जानेवारीतल्या रात्री, पाच-सात फूट बर्फात, दर थोड्या तासांनी उठून बाहेर जाणारा माणूस आळशी तर नक्कीच नव्हता. त्याचा दोष असलाच तर तो जरा जास्तच मन लावून मोजत होता.

दोनच वर्षांनी पारडं फिरलं. १९९८-९९ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट बेकरच्या स्की रिसॉर्टने हंगामभरात १,१४० इंच, म्हणजे सुमारे २९ मीटर बर्फ नोंदवला. त्याआधीचा आकडा त्याच राज्यातल्या माउंट रेनिअरवरचा होता, १९७१-७२ चा, १,१२२ इंच. रिसॉर्टने स्वतः मोजलेला आकडा, म्हणजे दुकानदारानेच तोललेला माल, असं म्हणायला जागा होती. सरकारी समितीने छाननी केली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये तो मान्य केला. आजही हंगामाचा विक्रम म्हणून तोच सांगतात. रोज पहाटे फळी पुसणाऱ्या त्या पोरांच्या वहीला याहून मोठी पावती मिळालेली नाही.

पण सगळ्याच वह्या तशा नव्हत्या. २००९ मध्ये अमेरिकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी रिसॉर्टांनी जाहीर केलेला नवा बर्फ आणि जवळच्या सरकारी केंद्रांवरच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. शनिवार-रविवारी रिसॉर्टांचा आकडा २३ टक्के जास्त निघाला. ढगांना आठवड्याचा वार कळत नाही, तिकीट विकणाऱ्याला कळतो. जिथे पैसे परत देण्याची हमी नव्हती तिथे ही सूज अधिक होती. मी स्वतः एका शनिवारी '१२ इंच' वाचून तिघा मित्रांना पहाटे साडेतीनला उठवलंय आणि दुपारी त्यांच्याकडून ऐकूनही घेतलंय, त्यामुळे या निष्कर्षाचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट मात्र जास्त महत्त्वाची. जानेवारी २००९ मध्ये आयफोनवरच्या एका ॲपमध्ये सोय आली, की उतारावर उभा असलेला कुणीही 'इथे एवढाच आहे' असं तिथल्या तिथे लिहू शकेल. आकड्यांची सूज झपाट्याने उतरली, आणि जिथे फोनला रेंज चांगली होती तिथे जास्त उतरली.

आज ज्याला आपण उर्मट शेरे म्हणतो त्यांची सुरुवात इथून धरायला हरकत नाही. त्यांच्यामुळे आकडा सुधारला हेही खरं, आणि ते ज्या माणसावर पडतात त्याने आकडा फुगवलेला नसतो हेही खरं. फुगवायचं ठरवणारा बहुधा मार्केटिंगच्या खोलीत बसतो, पहाटे चारला उठत नाही.

रिसॉर्टांनी यावर काढलेले उपाय बघण्यासारखे आहेत. सुरुवातीला उत्तरच द्यायचं नाही असा खाक्या होता, किंवा 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार' छापाचं एक वाक्य, ज्याने माणूस आणखीनच भडकतो. मग काहींनी रिपोर्ट निनावी ठेवणं सोडलं. खाली लिहिणाऱ्याचं पहिलं नाव, फळी कुठे आहे, कधी पुसली, वारा किती होता. शिवी देणाऱ्याला समोर माणूस दिसला की निम्मे लोक प्रश्न विचारायला लागतात. पट्टीचा फोटो वेळेसकट टाकणं हा दुसरा उपाय. आकडा चुकला असेल तर दुपारी तो उघडपणे कमी करणं हा तिसरा, आणि सगळ्यात अवघड, कारण त्याला वरून परवानगी लागते. युटातल्या एका रिसॉर्टने तर २०१७ च्या हिवाळ्यात कमालच केली. एकच तारा देऊन केलेल्या तक्रारी, म्हणजे डोंगर फार उभा, उतार फार कठीण, अशा, मोठ्या अक्षरांत छापून त्यांचीच जाहिरात केली. ज्यांना उभा डोंगर हवा होता त्यांना ती बरोबर पोचली. मात्र हे जमतं ते तक्रार डोंगराबद्दल असेल तेव्हा. 'तुम्ही खोटा आकडा दिला' याची जाहिरात कुणी करू शकत नाही.

आपल्याकडच्या लोकांचा या सगळ्याशी संबंध येतो तो मुख्यतः गुलमर्गला. गाव २,६५० मीटरच्या आसपास, गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्यांचा, २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर जातो. त्यामुळे 'गुलमर्गला बर्फ आहे का' या प्रश्नाला एका दिवशी दोन खरी उत्तरं असू शकतात. पुण्या-मुंबईहून जाणारे मात्र इंच-सेंटिमीटर विचारत नाहीत, हॉटेलला फोन करून 'बर्फ मिळेल ना?' विचारतात, जणू पार्किंग मिळेल ना. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मीरमधल्या सगळ्यात कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत, तिथले उतार तपकिरी पडले होते आणि त्याचे फोटो देशभर फिरले. बर्फ आला तो जानेवारी सरता सरता आणि फेब्रुवारीत. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीत ठरलेल्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धाच बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. हॉटेलच्या फोनवर बसलेल्या माणसाने अशा दिवसांत काय काय ऐकलं असेल याची कल्पना करता येते. त्याच्या हातात तर पट्टीसुद्धा नसते.

अलीकडे बऱ्याच रिसॉर्टांनी फळीच्या मागे आकडे रंगवलेला खांब उभा करून त्याच्यावर चोवीस तास कॅमेरा लावला आहे. ज्याला शंका असेल त्याने स्वतः बघावं. साध्या दिवशी हे छान चालतं. खरा मोठा हिमवर्षाव होतो त्या रात्री मात्र कॅमेऱ्याच्या काचेवरच बर्फ बसतो, पडद्यावर नुसतं पांढरं दिसतं, आणि पहाटे चारला कुणीतरी कपाळावर दिवा बांधून, एका हातात पट्टी आणि दुसऱ्या हातात झाडू घेऊन वर निघतं.