पार्श्वभूमी : काइल लार्सन आणि त्याची माती

2021 आणि 2025, असं दोनदा अमेरिकन ड्रायव्हर काइल लार्सनने नॅसकार कप या तिथल्या मोटार शर्यतींच्या मालिकेचं विजेतेपद मिळवलं. ही मालिका बहुतेक डांबरी ट्रॅकवर चालते. लार्सन मात्र मातीत घडला. आपल्याकडे पैलवान मॅटवर गेला की लाल मातीचा आखाडा मागे पडतो. याने माती सोडली नाही.

31 जुलै 1992 चा त्याचा जन्म, गाव कॅलिफोर्नियातलं एल्क ग्रोव्ह. सातव्या वर्षी तो ‘आउटलॉ कार्ट’ चालवायला लागला. मातीच्या छोट्या ट्रॅकवर पळणाऱ्या, लोखंडी पिंजऱ्याच्या या गाड्या. तिथून पुढे स्प्रिंट कार. या गाडीला स्टार्टर नसतो, मागून दुसऱ्या गाडीने ढकलून ती चालू करतात. वजन जेमतेम, ताकद सुमारे 900 अश्वशक्ती. वळण डावीकडे, पण मागची चाकं घसरत असल्याने पुढची चाकं उजवीकडे वळवलेली! चिखल उडून हेल्मेटची काच झाकली, की ड्रायव्हर तिच्यावरचा एकेक पारदर्शक पापुद्रा ओढून फेकतो. शर्यत जसजशी रंगते तशी ओली माती सुकते, गुळगुळीत होते, आणि सुटी माती बाहेरच्या कडेला बांधासारखी साचते. त्या बांधाला चाक टेकवून, भिंतीला जवळजवळ घासून जाणं ही लार्सनची खासियत. ट्रॅक दर फेरीला बदलतो, त्यामुळे पाठांतर इथे चालत नाही.

सप्टेंबर 2011 मध्ये ओहायोतल्या एल्डोरा ट्रॅकवर, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने एकाच रात्री मिजेट, स्प्रिंट आणि सिल्व्हर क्राउन या तीन वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्यांच्या तिन्ही शर्यती जिंकल्या. मग नॅसकारच्या पायऱ्या भराभर, आणि 2014 मध्ये कपचा सर्वोत्तम नवोदित.

एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीतल्या एका ऑनलाइन शर्यतीत त्याने वर्णद्वेषी शिवी उच्चारली. नॅसकारने निलंबित केलं, संघाने काढून टाकलं. त्याच्या आईचे आईवडील जपानी वंशाचे म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या छावणीत डांबले गेले होते, आणि तो स्वतः नॅसकारच्या विविधता उपक्रमातून वर आलेला. अशा माणसाच्या तोंडी ती शिवी यावी, हे जास्तच खटकतं. शिक्षा योग्यच होती.

त्या वर्षी तो पुन्हा मातीवर गेला आणि चाळीसहून अधिक शर्यती जिंकला. 2021 साठी नॅसकारमधल्या हेंड्रिक संघाने त्याला घेतलं. त्या हंगामात कपच्या 10 शर्यती त्याच्या नावावर लागल्या. पण मातीच्या शर्यती सुरूच होत्या. 14 ऑगस्टच्या शनिवारी रात्री आयोवात त्याने नॉक्सव्हिल नॅशनल्स जिंकली, स्प्रिंट कारची सर्वांत मानाची शर्यत. दुसऱ्या दिवशी दुपारी तो इंडियानापोलिसला कपच्या शर्यतीत उतरला आणि तिसरा आला.