डाव्या हाताखालचे सूर

गणपती जवळ आले की सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटातून ऑर्केस्ट्राची रिहर्सल ऐकू येते. अशाच एका खोलीत गायकाने नुसता सा लावून धरला होता. कीबोर्डवाल्याने खाली कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन सूर, धरायला घेतले: आधी पांढरी एकची, म्हणजे त्याच सा-च्या पट्टीची, मेजर कॉर्ड, मग पांढरी चारची मेजर, मग पांढरी सहाची मायनर. गळ्यातला सा तसूभर हलला नाही. तरी पहिल्यांदा तो घरी पोचल्यासारखा वाटला, दुसऱ्यांदा निघायच्या तयारीत, तिसऱ्यांदा कंठ दाटल्यासारखा. पहिल्या कॉर्डचा तो पाया होता, दुसरीचा पंचम, तिसरीचा कोमल गंधार.

सुराखाली असे कॉर्ड धरणं आपल्या गाण्यात उशिरा आलं. रागाला कॉर्डची गरज नव्हतीच. पण मला वाटतं, डाव्या हाताचाही त्यात वाटा आहे. 1842 साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा भाता पायाने चाले आणि दोन्ही हात मोकळे असत. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजवायची पेटी घडवली आणि डावा हात भात्याला गेला. उरलेला उजवा हात गवयाच्या मागे धावू लागला. पुढे पेटीच्या ठाम बारा सुरांत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (सुरांमधले बारीक फरक) नाहीत म्हणून आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला बाहेरच ठेवलं.

कॉर्ड घराघरांत पोचली ती सिनेमातून. गोव्याच्या चर्चशाळांत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकलेले सेबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजर (वाद्यमेळ रचणारे) मुंबईच्या स्टुडिओत चालीखाली व्हायोलिनचे थर लिहीत. 1980 मध्ये कॅसिओचे कीबोर्ड बाजारात आले. त्यांना भाता नाही. डावा हात पुन्हा मोकळा झाला.

पांढरी एक, तीन, पाच दाबा: उजेड, म्हणजे मेजर. तीनच्या जागी काळी दोन घ्या: सावली, म्हणजे मायनर. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण तेच तीन सूर कसे मांडायचे, ही खरी कारागिरी. सा-ग-प आणि ग-प-सा ही एकच कॉर्ड, हे फ्रेंच संगीतकार रामो यांनी 1722 मध्ये ग्रंथात मांडलं; कानाला मात्र दुसरी मांडणी अधांतरी लागते. खर्जात, म्हणजे खालच्या सप्तकात, तिन्ही सूर चिकटून दाबले तर गढूळ होतात.

त्या खोलीत अभंगाची पाळी आली तेव्हा कीबोर्डवाल्याने गंधारावरचं बोट उचललं. खाली नुसते सा आणि प राहिले, तानपुऱ्यासारखे. मेजर की मायनर, ते आता गायकाच्या गळ्यावर होतं.